अ‍ॅडजस्ट : उच्चार व उपयोग

जिथे माणसे जास्त आणि खुर्च्या कमी असतात, तिथला कारभार एका इंग्रजी शब्दावर चालतो. आमच्या कार्यालयात तो शब्द 'अ‍ॅडजस्ट' हा आहे. (खुर्चीला मंजुरी लागते, शब्दाला लागत नाही.)

अर्थ पुष्कळ. साहेबांच्या तोंडी 'पंखा माझ्याकडे वळवा', हेडक्लार्कच्या तोंडी 'उद्या या'. आणि टपाल नोंदवणाऱ्या ताईंना उद्देशून वापरला, की 'उभ्या राहा'. ताई बदलून आल्या त्या सातव्या महिन्यात. खुर्ची काही त्यांच्याबरोबर बदलून आली नाही. पाय सुजलेले, कंबर धरलेली, तरी टपाल उभ्यानेच नोंदवायचे.

"भाऊसाहेब, खुर्चीचं काय झालं?"

"वर पाठवलंय ना ताई," हेडक्लार्क म्हणाले. "तोवर जरा अ‍ॅडजेस करा की."

"मी करतेय हो. पोटातलं ऐकत नाही."

हेडक्लार्क मनापासून हसले. विनोदी बायकांमुळे कार्यालयाचे वातावरण खेळीमेळीचे राहते, असे त्यांचे मत आहे.

अशातच वरिष्ठांची तपासणी आली. तपासणी अधिकाऱ्यांना एकच गोष्ट खटकली. (ताई समोर उभ्याच होत्या, पण त्या आदराने उभ्या आहेत, असा त्यांचा समज झाला.) खटकला तो उच्चार. साहेब 'अ‍ॅजस्ट' म्हणतात, हेडक्लार्क 'अ‍ॅडजेस', शिपाई 'अडजस'. एका छपराखाली एकाच शब्दाचे तीन उच्चार! लोक काय म्हणतील?

लगोलग पाहणी झाली. हा शब्द बोलणारे शंभर टक्के बसलेले आणि ऐकणारे शंभर टक्के उभे असतात, असे आढळले. निष्कर्ष : बोलणाऱ्यांना प्रशिक्षणाची नितांत गरज आहे.

बाहेरून प्रशिक्षक मागवले. ते आले त्याच सकाळी ताईंची खुर्चीही आली. नवी कोरी, हातांची, प्लॅस्टिक न काढलेली. ताईंनी गठ्ठे बाजूला सारून जागासुद्धा केली. पण पाहुण्यांना उभे ठेवणे बरे दिसत नाही. साहेब जातीने येऊन म्हणाले, "ताई, आजच्या दिवस जरा..." पुढचा शब्द त्यांनी गाळला, कारण प्रशिक्षण अजून व्हायचे होते.

प्रशिक्षण उत्तम झाले. 'ड' कुठे गिळायचा, 'ज' कुठे टेकवायचा, सगळे समजले. सर्वांत स्पष्ट उच्चार ताईंचा निघाला. उभे राहिल्याने श्वास मोकळा राहतो, असे कारण प्रशिक्षकांनी दिले आणि ताईंना प्रमाणपत्र दिले. ते ताईंच्या टेबलामागे, खुर्ची असती तर पाठ टेकली असती, बरोबर तिथे लावले आहे. खुर्ची मात्र प्रशिक्षकांसाठी राखीव आहे. ते आता दर तीन महिन्यांनी येणार आहेत. एरवी ती रिकामी असते, त्यामुळे अजून नवीच दिसते.

दुपारच्या सुट्टीत ताई बाहेरच्या बाकाकडे येतात. बाक आपल्यासारख्या, कामासाठी आलेल्या नागरिकांचा. आपण तिथे बसलेले असता. शेजारी आपली पिशवी बसलेली असते. ताई पिशवीकडे पाहतात, मग आपल्याकडे.

तेव्हा आपण जो शब्द म्हणता, तो मी खिडकीतून रोज ऐकतो. आपल्याला प्रशिक्षणाची मुळीच गरज नाही.