दिवाणातली आवृत्ती

आमच्या रेडिओ केंद्रावर मुलाखतीला लेखक किंवा गायक येत नाहीत; त्यांची पुस्तकं आणि गाणी येतात.

पूर्वी माणसं यायची. पण लेखक आले की प्रकाशकांविषयी बोलायचे, गायक आले की साउंडवाल्याविषयी, आणि तेवढ्यात अर्धा तास संपायचा. शेवटी कार्यकारिणीनं ठराव केला की यापुढे थेट कलाकृतीलाच बोलवावं. तेव्हापासून कार्यक्रम वेळेत संपतो. इचलकरंजीत स्वतःच्या खर्चानं पुस्तक छापणारे आणि स्वतःच्या मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करणारे लोक बरेच आहेत, त्यामुळे पाहुण्यांची टंचाई कधी पडली नाही. कार्यक्रम मी चालवतो. प्रश्न मी विचारतो, चहा मी सांगतो, आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असतो: तुम्हाला आभार कोणाचे मानायचे आहेत? नाव घेऊन मानावे लागतात. ‘सर्व ज्ञात-अज्ञात’ असं कोणी सुरू केलं की मी माइक बंद करतो.

त्या शनिवारी दोन पाहुणे होते. पहिलं होतं तेजश्री मगदूम या मुलीचं गाणं. तिनं ते घरी, स्वयंपाकघराचं दार लावून रेकॉर्ड केलं होतं. गाणं चार मिनिटांचं, त्यामुळे दर चार मिनिटांनी ते संपायचं आणि पहिल्यापासून सुरू व्हायचं. म्हणजे पुन्हा नमस्कार, पुन्हा खुर्ची ओढणं. मी दर वेळी नमस्कार घेतला. पाहुण्याचा स्वभाव आपण बदलू शकत नाही.

त्याच्या दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी आहे. ती काढता आली नसती का, असं मी विचारलं तेव्हा गाणं जरा दुखावलं. म्हणालं, शिट्टी शेजारच्या सुमतीकाकूंची आहे. ती वाजली तेव्हा तेजश्री दचकली, तिचा सूर किंचित वर गेला, आणि ऐकणाऱ्यांना नेमकी तीच जागा आवडते. आभारात त्यानं सुमतीकाकूंचं नाव घेतलं. कुकरच्या कंपनीचंही घेणार होतं, पण जाहिरात होते म्हणून मी थांबवलं.

दुसरी पाहुणी ‘पाणपोईच्या पुढे’ ही कादंबरी. लेखक विश्वनाथ कुंभोजकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ती पदरमोड करून छापली. पाचशे प्रती काढल्या, त्यांतल्या चाळीसेक भेट म्हणून गेल्या, उरलेल्या घरातल्या दिवाणात. स्वतः पुस्तक काढलेल्या कोणाच्याही घरी जा, दिवाण उघडला की आवृत्ती दिसते. आमंत्रणात मी ‘कादंबरीने उपस्थित राहावे’ एवढंच लिहिलं होतं. किती प्रतींनी, ते लिहायचं राहिलं. सगळ्या आल्या.

आमचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे. स्टुडिओच्या दारापासून तळमजल्यावरच्या साड्यांच्या दुकानापर्यंत प्रत्येक पायरीवर त्या दाटीवाटीनं बसल्या. दुकानाचे मालक वर येऊन म्हणाले की गिऱ्हाइकांना पाय ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, पाहुणे आहेत, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. चहाचं विचारलं तर सगळ्यांनी नको म्हटलं; पानं चिकटतात.

दिवाणात सगळ्यात वर असणारी प्रत प्रतिनिधी म्हणून आत आली. बसल्या बसल्या तिनं सांगितलं की ही मुलाखत पहिली आणि शेवटचीच समजा. कुंभोजकरांची लेक बाळंतपणाला येते आहे, दिवाण रिकामा करायचाय, उद्या सकाळी रद्दीवाला येणार. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

“रागवलाय का?” मी विचारलं.

“कशाला रागवू? अकरा वर्षं दोघं नवरा-बायको आमच्यावर झोपले. त्यांची पाठ कधी दुखते, ते आम्हाला त्यांच्याआधी कळतं. मंदाकिनीबाई पहिल्यापासून म्हणतायत, दिवाण मोकळा करा. आणि साहेब म्हणतात, जाऊ दे, वाचलं तर कोणीच नाही.”

मी ठरलेल्या प्रश्नांकडे वळलो. कादंबरी कशाविषयी आहे? प्रत म्हणाली, माहीत नाही. मला वाटलं, नम्रपणा. पुन्हा विचारलं. ती शांतपणे म्हणाली की उघडल्याशिवाय पुस्तकाला आत काय आहे ते कसं कळणार? आभाराच्या पानावर मुद्रकांचं नाव चुकलं होतं, ते साहेबांनी प्रत्येक प्रतीत पेनानं दुरुस्त केलं. तेवढी पानं उघडली गेली, तेवढी येतात. आणि तिनं आभार घडाघडा म्हणून दाखवले: मुद्रक, मुखपृष्ठकार, टायपिंगवाले, खात्यातले दोन अभियंते, गुरुवारच्या साहित्य कट्ट्याचे सभासद. तिथून पुढे तिला काही सांगता येईना. पायऱ्यांवर विचारून पाहिलं. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना तेवढंच येत होतं.

मी सुचवलं की तुम्ही इतक्या जणी आहात, एकमेकींना वाचून घ्या. तेव्हा समजलं की पुस्तकांना वाचता येत नाही. इतकी वर्षं या क्षेत्रात काढून मला हे माहीत नव्हतं.

थेट प्रक्षेपण चालू होतं. कलाकृतीविषयी एक वाक्य निघत नव्हतं, आणि उद्या ती रद्दीत जाणार होती. मला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेलं गाणं पुन्हा सुरू झालं, त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, आणि म्हणालं की मलाही माझं मला काही कळत नव्हतं. पहिल्यांदा सुमतीकाकूंनी भिंतीपलीकडून कान देऊन ऐकलं, तेव्हा कळलं. एक माणूस पुरतो. तुमच्यात एखादी उघडलेली असेल, नीट बघा.

मी माइकची वायर लांब केली आणि पायऱ्या उतरत निघालो. प्रत्येकीच्या कडेला बघत होतो. सगळ्यांचे कोपरे टोकदार, सगळ्यांवर सुतळीचा वळ. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्रत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे कोपरे दुमडलेले, पाठ सैल झालेली, एका बाजूला हळदीचं बोट, आणि आतून टिकल्यांच्या पाकिटाचं टोक डोकावत होतं.

“तुम्ही आत या,” मी म्हटलं.

ती निघाली तशा पायऱ्यांवरच्या सगळ्या प्रती उभ्या राहिल्या. सरकून तिला वाट करून दिली. वर जाताना तिनं कोणाकडे पाहिलं नाही. तिला अवघडल्यासारखं झालं असावं.

माइकपुढे मात्र ती नीट बोलली. गोदावरी नावाची बाई तिठ्यावर पाणपोई चालवते. तिचा नवरा सदाशिव एका भांडणात ‘येतो’ एवढंच म्हणून निघून गेलाय. येणारा-जाणारा पाणी पितो, दोन शब्द बोलतो, आणि गोदावरी प्रत्येकाला विचारते की पुढच्या गावात असा असा माणूस दिसला का. ती बारीकसारीक सांगत गेली, कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं तिला येत होतं. दारातून आणि जिन्यातून बाकीच्या ऐकत होत्या. आपल्यात हे आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. कोणाचंही पान हललं नाही.

“मग सदाशिव परत येतो का?” मी विचारलं.

“ते मला माहीत नाही. शेवटची चार पानं राहिलीत. दोनदा पहिल्यापासून वाचून झालं, पण दोन्ही वेळा तिथंच पाकीट ठेवलं. त्या म्हणतात, तो आलाच नाही तर काय करू.”

“त्या म्हणजे कोण?”

प्रतीनं पाकिटाचं टोक आत ओढून घेतलं. मी घड्याळ पाहिलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. आभार कोणाचे? ती म्हणाली, मानायचे फार आहेत, पण नाव घेतलेलं त्यांना चालेल की नाही, सांगता येत नाही. मी नियम सांगितला. नावाशिवाय आभार ग्राह्य धरता येत नाहीत. तिनं थोडा विचार केला.

“मंदाकिनीबाईंचे,” ती म्हणाली. “दर गुरुवारी साहेब कट्ट्यावर जातात, आपल्याला कोणी वाचत नाही हे सांगायला. ते फाटकाबाहेर पडले की बाई दिवाणाची फळी उचलतात. हात धुऊन घेतात, पण हळद जात नाही. साहेबांची चप्पल वाजली की मला पुन्हा तळाशी ठेवतात.”

कुंभोजकरांच्या घरी रेडिओ त्या दिवाणावरच ठेवलेला होता आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून ऐकत होते. पुढे तिथं काय झालं ते मला नंतर कळलं, म्हणजे फारसं काही झालं नाही. कुंभोजकरांनी आवाज लहान केला, बायकोकडे बघितलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

ती दोघं आली तेव्हा मी गाण्याकडून सुमतीकाकूंच्या शिट्टीचं कडवं पुन्हा पुन्हा म्हणवून घेत वेळ काढत होतो. पुढचा कार्यक्रम हवामानाचा होता, तो थांबवला. मंदाकिनीबाई घरच्याच साडीवर आल्या होत्या. जिन्यात प्रतींनी त्यांना वाट दिली आणि त्यांनी पदर सावरत, कोणाला पाय लागू नये असं बघत, वर यायला वेळ घेतला. कुंभोजकर मागे होते. उंच माणूस, त्या दिवशी जरा कमी उंच वाटले.

“तूच रद्दीवाल्याला बोलवा म्हणालीस ना?” त्यांनी विचारलं. हे आधीच घरी विचारून झालेलं असणार, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

“माझी काढून ठेवणार होते. बाकीच्या सगळ्यांत तेच लिहिलंय की.”

“पण सांगायचं तरी.”

“सगळ्या गावाला विचारत फिरलात, वाचलं का, वाचलं का. घरात एकदा विचारायचं होतं.” बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, हे चालू आहे का?”

मी सांगितलं की चालू आहे. त्यांनी मान डोलावली, पण शब्द मागे घेतला नाही.

कुंभोजकरांनी ती प्रत हातात घेतली, टिकल्यांचं पाकीट काढून बाईंच्या हातात दिलं आणि स्टुडिओच्या उंबऱ्यावर, दोन्हीकडे ऐकू जाईल असे बसले. ठरावाप्रमाणे लेखकाला माइक देता येत नाही. मी माइक उंबऱ्यावर ठेवला. उंबऱ्याविषयी ठरावात काही नाही. त्यांनी शेवटची चार पानं वाचली. वाचायला ते काही चांगले नव्हते, मधे दोनदा घसा साफ केला. तेवढ्यात गाणं संपलं, पण त्यांचं वाचून होईपर्यंत त्यानं पुन्हा सुरुवात केली नाही.

सदाशिव येतो. उन्हाचा, दाढी वाढलेला. ओळख न देता पाणी मागतो. गोदावरी ओंजळीत पाणी घालते, पुरेसं होईपर्यंत घालते, आणि मग रिकामा हंडा त्याच्यापुढे ठेवून म्हणते, आता तुम्ही भरून आणा. तो हंडा उचलतो आणि विहिरीकडे जातो. तिथं कादंबरी संपते.

मंदाकिनीबाईंनी हातातलं पाकीट उलटसुलट केलं. मग म्हणाल्या, “एवढंच होतं? मी उगाच घाबरत बसले.” आणि डोळ्यांना पदर लावला.

प्रश्न विचारायचा तो मी विचारला. खरं तर कुंभोजकर पाहुणे नव्हते, त्यांना विचारण्याचा मला अधिकार नव्हता. पण आभार कोणाचे मानायचे आहेत, असं मी विचारलं. ते उठून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी बायकोला ‘अगं’ म्हणूनच हाक मारलेली असावी, कारण नाव शोधायला त्यांना वेळ लागला. मग सरकारी पत्रव्यवहारात लिहितात तसं पूर्ण नाव घेतलं. “मंदाकिनी विश्वनाथ कुंभोजकर यांचे,” ते म्हणाले. “मी आभारी आहे.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “रद्दीवाल्याला फोन करा, येऊ नको म्हणा. दुपटी वरच्या फळीवर मावतील.”

मुलाखत ग्राह्य धरून मी कार्यक्रम संपवला. हवामान त्या दिवशी उशिरा झालं. कोणाची तक्रार आली नाही.

प्रतींना घरी न्यायला टेम्पो मिळेना, तेव्हा रद्दीवाल्याचाच बोलावला. त्यानं हौद्यातला वजनकाटा काढून पुढच्या सीटवर ठेवला आणि जागा करून दिली. प्रती जाताना रीतसर एकेक करून माझ्यापुढे आल्या आणि प्रत्येकीनं आभार मानले, नाव घेऊन. मी प्रत्येकीला ‘असू दे’ म्हटलं. बराच वेळ लागला. साड्यांच्या दुकानाचे मालकही शेवटी येऊन उभे राहिले, कारण खालच्या पायरीवरच्या दोघी-तिघींनी त्यांचंही नाव घेतलं होतं.

सगळ्यात शेवटी ती हळदीचं बोट असलेली प्रत आली. तिनंही आभार मानले. टिकल्यांचं पाकीट तिच्यात परत ठेवलेलं होतं, पहिल्या पानाशी.