फाटकाबाहेरची भाजी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती नेहमीसारखीच अंगणातल्या पालेभाजीला बोअरचं खारं पाणी घालत होती.

"एखाद दिवस गोडं घाल की," मी म्हणाले.

"लाडावतील. इथे राहायचं तर इथलंच प्यायचं." लाड आमच्या घरी कुणाचेच नव्हते. मी निघताना तिने रोजची ताकीद दिली, "आणि हे बघ, तिथे माझं नाव काढायचं नाही. काय व्हायचं ते भाजीच्या गुणावर होऊ दे."

'तिथे' म्हणजे वाण मान्यता समितीत. मी तिथली लिपिक. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आई तिथली अर्जदार. कडक जमिनीत, खाऱ्या पाण्यावर, भर उन्हात येणारं वाण तिने तयार केलं होतं.

सकाळी ती उठलीच नाही. अर्जदार मयत झाल्याने प्रकरणात कोणतीही बाधा आली नाही. पाठपुरावा थांबल्यामुळे उलट कामाला वेग आला, असं अध्यक्षांचं निरीक्षण होतं.

समितीने स्थानिक परिस्थितीची पाहणी केली. ती चाचणीच्या दर्जाची नसल्याचं आढळलं. म्हणून बाहेरून काळी माती आणवली, गोड्या पाण्याचा टँकर लावला, वर सावलीची जाळी ताणली. रोपं सडू लागली. निष्कर्ष निघाला : 'वाण स्थानिक परिस्थितीस अयोग्य.'

"साहेब, पण ही परिस्थिती स्थानिक कुठेय?"

"वाफा आपल्या आवारात आहे ना? मग झालं तर."

माळीबुवांनी अर्धमेली रोपं उपटून फाटकाबाहेर खडीत फेकली. तिथे कुणी लक्ष दिलं नाही, त्यामुळे ती तरारली. अंतिम बैठकीच्या सकाळी अध्यक्षांनी ते तण पाहिलं आणि साफ करायला सांगितलं. माळीबुवांनी ते कँटीनच्या मावशींना दिलं. मावशींनी लसणावर परतलं.

वाण नामंजूर करून समिती जेवायला बसली.

"मावशी, भाजी काय झालीय हो! वाढा अजून."

"फाटकाबाहेरची हाय नव्हं... आहे साहेब," मावशी गडबडून म्हणाल्या. "उपटलेली."

"बघा! आपल्या लोकांनी असलं काही शोधायला हवं."

"साहेब, मघाशी नामंजूर केली ती हीच," मी म्हणाले.

"असेल. चाचणीत नापास आहे, त्याला आपण काय करणार?"

"माझ्या आईची आहे."

घास थांबले. अध्यक्षांनी हात पुसला.

"अहो, मग आधी नाही का बोलायचं! आपल्या माणसाचं काम कधी अडवलंय आम्ही?"

ठराव ताटावरच फिरला. सह्यांना तेलाचे डाग पडले, एवढंच. या लिपिक बाईने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मघापासून तुम्हालाही वाटत असेलच.

संध्याकाळी अंगणात खारं पाणी घालताना मी मोठ्याने म्हणाले, "आई, मंजूर झाली. तुझी आहे म्हणून."