कोपराचा निकाल

रंगवाल्याला काहीही झालेलं नाही, असा कागद टपालाने आला. असा कागद हातात पडला की माणसं सुटकेचा श्वास टाकतात. रंगवाल्याने तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मुलीला फोन लावला.

"मी नापास झालो."

"म्हणजे ऑटिझम नाही म्हणाले? मग चांगलंच झालं की, बाबा."

"चांगलं कसं? मग मी कोण?"

मुलगी परगावी नोकरीला होती. मागून कुणीतरी तिला हाका मारत होतं. "संध्याकाळी बोलते हं," म्हणाली आणि फोन ठेवला. रंगवाला कागद घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. दुसरी खुर्ची समोर होती. ती त्याने अजून हलवली नव्हती.

तो रंगाच्या दुकानात मागच्या खोलीत रंग मिसळायचा. गिऱ्हाइकाने कपाटाच्या दाराचा टवका आणावा आणि याने हुबेहूब तसा रंग काढून द्यावा. पांढरा हा त्याचा खास विषय. लोकांना पांढरा म्हणजे पांढरा वाटतो. तो सुरू झाला की दुधाळ, खडूसारखा, हाडासारखा, सावलीत निळा पडणारा, असे पांढरे निघत राहायचे. ऐकणारा घड्याळाकडे बघतोय हे त्याला दिसायचं. त्याचा अर्थ तो एवढाच लावायचा की याला वेळ बघायची आहे.

बायको गेली तेव्हा भेटायला माणसं आली. त्यांच्यापुढेही तो भिंतीच्या रंगाबद्दलच बोलत राहिला. त्यावर चिमणी दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. चिमणी ही बायकोची धाकटी बहीण. नाव चिमणीचं आणि आवाज भोंग्याचा.

"बहीण गेली माझी आणि यांना भिंतीचं पडलंय. डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे, दगड."

तो शब्द रंगवाल्याच्या मनात रुतून बसला. रात्री कूस बदलली तरी तो बोचायचा. शेवटी त्याने मुलीलाच विचारलं, "मी दगड आहे का गं?"

"नाही हो, बाबा. काही माणसांची घडणच वेगळी असते. त्याची तपासणी करतात. करून घ्या, म्हणजे मन शांत होईल."

तेव्हा एकतर घडण वेगळी, नाहीतर दगड. आता कागदाने घडण खोडून टाकली होती.

मुळात गडबड झाली ती तपासणीच्या आधीच. वेळ घ्यायला त्याने फोन केला तेव्हा पलीकडून सांगितलं, "तुम्हाला खूप वर्षं ओळखणारं कुणीतरी बरोबर हवं. मिसेसना घेऊन या."

"तिला येता येणार नाही."

"कामात असतील तर वार बदलून देते."

"वार बदलून उपयोग नाही."

मुलीला रजा नव्हती. रंगवाल्याचे आईवडील कधीच गेले होते. राहिली चिमणी. तिला विचारल्यावर ती लगेच तयार झाली. "येते की. डॉक्टरांना कुणीतरी खरं सांगायला हवंच."

इथे कोपराची गोष्ट सांगायला हवी. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत बायकोने नवऱ्याचं पाणी जोखलं होतं. तिने आरडाओरडा केला नाही, युक्ती काढली. कुठेही गेलं की ती त्याच्या डाव्या हाताला बसायची. आपल्या कोपराने त्याच्या कोपराला एकदा ढोसलं की थांबायचं. दोनदा ढोसलं की हसायचं. तीनदा ढोसलं की समोरच्याच्या घरच्यांची चौकशी करायची. एवढ्यावर त्यांचा संसार झाला. कुणालाही पत्ता लागला नाही. लोक म्हणायचे, "जोडी बघा, या वयातही कशी चिकटून बसतात."

तपासणीच्या खोलीत चिमणी त्याच्या डाव्या हाताला बसली. आणि बोलताना शेजारच्याला कोपराने ढोसायची चिमणीला खोड होती. दोघी बहिणी एकाच आईच्या. थोरलीला युक्ती बहुधा तिथूनच सुचली असावी.

"तुम्हाला कशाची आवड आहे?" तपासणी करणाऱ्या मॅडमनी विचारलं.

रंगवाला पांढऱ्यावर आला. तो जुन्या पांढऱ्याच्या पिवळेपणापर्यंत पोचला तेव्हा चिमणी "झालं सुरू" म्हणाली आणि तिने एकदा ढोसलं. रंगवाला अर्ध्या वाक्यात थांबला. मॅडमनी काहीतरी लिहिलं.

मग त्या म्हणाल्या, "मी परवाच सुट्टीवर गेले होते. तिथे जाऊन बॅग उघडली तर आत सगळे नवऱ्याचेच कपडे."

"बघा, बघा आता यांचा चेहरा," चिमणी म्हणाली. प्रत्येक 'बघा'ला एक ढोसणी. रंगवाला हसला, तेही चांगलं मोकळं. मॅडमनी पुन्हा लिहिलं.

चिमणी आता हातघाईवर आली. "अहो, विचारा यांना. माझ्या बहिणीच्या वेळी काय केलं ते विचारा. विचारा तरी." तीन ढोसण्या.

रंगवाला मॅडमकडे वळला. "तुमच्या घरी सगळे बरे ना? मुलं काय करतात?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना हे बऱ्याच दिवसांत कुणी विचारलेलं नसावं. मुलाच्या वाकड्या दातांबद्दल त्या बराच वेळ बोलल्या.

अहवालात मग लिहून आलं: संभाषणात दुसऱ्याला वाव देतात, विनोद कळतो, समोरच्याची आपुलकीने विचारपूस करतात. चिमणीने निघताना "मुद्दाम करतात हे सगळं" असं तीनतीनदा बजावलं होतं. त्याचं झालं: वागणं विचारपूर्वक असल्याचं नातेवाइकांचं मत.

रंगवाल्याने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन लावला.

"निकाल चुकलाय."

"काका, काहीतरी निघालं म्हणून लोक भांडतात. नाही निघालं म्हणून कुणी भांडत नाही."

"मी भांडत नाही. चूक सांगतोय."

"कुणाची चूक?"

"कोपराची."

"मग हाडांचे डॉक्टर खालच्या मजल्यावर बसतात. गुरुवारी या."

दुसरा कुणी असता तर त्याने हा घोळ तिथल्या तिथे मिटवला असता. रंगवाल्याला गुरुवारी या म्हटलं, तो गुरुवारी गेला. हाडांच्या डॉक्टरांनी कोपर वाकवून पाहिलं, सरळ करून पाहिलं.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग काय होतंय?"

"काही होत नाही. पूर्वी व्हायचं."

"कधीपासून बंद आहे?"

"बायको गेल्यापासून."

डॉक्टरांनी कोपर खाली ठेवलं. मग त्यांनी चोळायला मलम दिलं, कारण काहीतरी द्यायला हवं होतं. आणि वरच्या मजल्यावर फोन करून म्हणाले, "मॅडम, एक गृहस्थ आलेत. माझ्यापेक्षा तुमचे वाटतात."

असा तो पुन्हा मॅडमसमोर पोचला. चिमणीलाही पुन्हा बोलावलं. ती फणफणत आली. "एकदा सांगून झालं ना, भावोजी? आता काय आणखी? दगडावर सही पाहिजे?"

रंगवाल्याने कोपराची गोष्ट सांगितली. एकदा म्हणजे काय, दोनदा म्हणजे काय, तीनदा म्हणजे काय. लग्नापासून कुणालाही सांगितली नव्हती. सांगताना त्याला बायकोची पेटी परक्यांपुढे उघडल्यासारखं वाटलं.

चिमणी ऐकतच राहिली. "म्हणजे दर वेळी माझ्याकडे आलात की घरच्यांची चौकशी करायचात, ती ताई करायला लावायची?"

"हो."

"आणि माझ्या गमतींना हसायचात ते?"

"ते पण."

चिमणीला हे जास्त लागलं.

मॅडमनी चिमणीची खुर्ची पार खिडकीपाशी नेऊन ठेवली. मग म्हणाल्या, "आता पांढऱ्याबद्दल सांगा."

रंगवाला सांगू लागला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. जांभई दिली. फाइल मिटली. रंगवाला बोलत राहिला. मधूनमधून तो डाव्या बाजूला बघायचा. तिथे फरशी होती.

बोलता बोलता तो घरातल्या भिंतीवर आला. "ती आजारी होती तेव्हा तिच्या पलंगासमोर हीच भिंत. म्हणाली, दवाखान्यात निजल्यासारखं वाटतं, दुसरा पांढरा बघ ना. मी रोज एक करून न्यायचो. त्या भिंतीवर ठिपका लावायचो. हा थंड आहे म्हणायची. हा शिळा आहे म्हणायची. तिला नजर होती. मग एकदा दुकानात बरोबर जमला. सकाळच्या उन्हाचा असतो तसा, पण पिवळा नाही. डबा घेऊन घरी गेलो तर ती गेलेली होती. मग भिंत रंगवायची राहिली. माणसं आली, त्यांना मी तेच सांगत होतो, की रंग मिळालाय. थांब म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून सांगत राहिलो."

खिडकीपाशी भोंगा वाजला. चिमणी नाक शिंकरत होती.

मॅडमनी फाइल पुन्हा उघडली. "माझाच निकाल चुकला," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तपासणी तुमची झालीच नाही. तुमच्या मिसेसची झाली. आणि त्या उत्तम पास झाल्या. तुमची घडण वेगळीच आहे. तसा नवा अहवाल देते. जुना परत द्या, तो रद्द करावा लागेल."

रंगवाल्याने खिशातून कागद काढला. मॅडमनी हात पुढे केला. त्याने कागद दिला नाही.

"हा राहू दे माझ्याकडे."

"अहो, पण तो चुकीचा आहे. तुम्हीच तर भांडत होतात."

"चुकीचाच आहे," रंगवाला म्हणाला. "पण त्यात ती आहे. नव्यात मी एकटाच असणार."

मॅडमनी हात मागे घेतला.

बाहेर बसथांब्यावर बाक होता. चिमणी जरा घुटमळली आणि त्याच्या डाव्या हाताला येऊन बसली. बराच वेळ बस आली नाही. मग तिने समोर बघत, अगदी मोजून, तीनदा ढोसलं. तिचं कोपर थोरलीपेक्षा फार टोकदार होतं.

रंगवाल्याने विचारलं, "तुझ्या घरी सगळे बरे ना?"

"नाही," चिमणी म्हणाली. "ताई गेली ना माझी."

यावर काय बोलायचं हे बायकोने शिकवलं नव्हतं. चौथी खूण ठरलीच नव्हती. रंगवाला बराच वेळ समोरच्या दुकानाच्या बंद शटरकडे बघत बसला. शटर पांढरं होतं, पण वाईट पांढरं.

"भिंत रंगवायची आहे," तो शेवटी म्हणाला. "डबा तसाच आहे. येतेस?"

"येते." चिमणीने डोळे पुसले. "कुठला पांढरा म्हणालात तो?"

रंगवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग लांब श्वास घेतला आणि अगदी सुरुवातीपासून सुरू केलं. बस आली, दोघं चढले, बस सुटली, तरी तो दुधाळच्या पुढे गेला नव्हता. चिमणीचं कोपर सवयीने उचललं गेलं. मग तिने मांडीवरची पिशवी उचलली, कोपर तिच्याखाली दाबून धरलं आणि ऐकत राहिली.