चार चाकांवरचं बिऱ्हाड

गेनूभाऊ मिस्तरी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी आमची खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली. मग तिला कान लावला. "कुरकुरती," म्हणाले, "हादऱ्यात टिकायची न्हाई." आणि खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. त्याच खुर्चीवर शाळा तपासायला आलेले साहेब बसून गेले होते, हे मी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून आमची हीसुद्धा त्या खुर्चीवर जरा बिचकतच बसायची.

जगातली प्रत्येक वस्तू गेनूभाऊ याच एका परीक्षेला बसवत. किटली, दाराची कडी, देवळातली समई, काहीही हाती आलं की आधी हलवून बघायचे. आळीतल्या एका मुलीला बघायला स्थळ आलं, तर नवऱ्या मुलाचा हात यांनी असा काही हलवला की बिचारा खांदा चोळत पोहे खायला बसला. "टिकंल," गेनूभाऊ मुलीच्या बापाला म्हणाले. लग्न जमलं. अजून टिकलं आहे.

मी तेव्हा चिंचवडच्या शाळेत मास्तर होतो आणि गेनूभाऊ समोरच राहायचे. मूळचे निघोज्याचे, शेतकरी. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात घण मारायला म्हणून गेले आणि मिस्तरी होऊन बाहेर पडले. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक त्यांनी लिलावातून ओढत आणला आणि दारात उभा केला. पुढं पिंपरीला नवा कारखाना उभा राहायला लागला. त्याची यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून आली, त्यांच्या फळ्या जमवून गेनूभाऊंनी ट्रकच्या पाठीवर चक्क एक खोली बांधली. आत झोपायला फळी, स्टोव्ह, ताटल्या उड्या मारू नयेत म्हणून खाचा पाडलेली मांडणी, खिडकीला पडदा. एका भिंतीवर इंग्रजीत 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं आणि ती बाजू नेमकी खाली आली होती. कोनाड्यातले देव सुतळीनं बांधलेले.

"देवांना कशाला बांधलंत?" मी विचारलं.

"देवालाबी हादरा बसतो, मास्तर."

या ट्रकची पुढची चाकंही ओढायची, याचा गेनूभाऊंना भारी अभिमान. "बाकीच्या गाड्या नुसत्या मागनं ढकलत्यात. आपली चारी पायांनी चालती, म्हशीवानी." कुणी पाहुणा आला की ते त्याला पुढच्या चाकांजवळ उकिडवं बसवून हे दाखवायचे. पाहुण्याला चहा त्यानंतर.

रविवारी मात्र त्यांचा चेहरा कुणाला दिसत नसे. ते ट्रकखाली असायचे, बाहेर फक्त पाय. ग्रीस भर, कमानी तपास, नट आवळ, दिवसभर हेच. सगळी आळी मग त्या पायांशी बोलायची. पोस्टमन तर पत्र अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून जायचा. पाय हलले की समजायचं, पोचलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, काशीला वगैरे जायचं असेल. एका रविवारी मी पायांनाच विचारलं.

पान्ह्याची खडखड थांबली. मग ट्रकखालून आवाज आला, "हौसाकडं जायाचंय."

हौसा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. खेडच्याही पुढं, पार डोंगराच्या कुशीत करंजवाडीला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरात मूल नाही. आणि लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. करंजवाडीला रस्ता नाही. बैलगाडीनं पोचायलाच दिवस जातो, म्हणजे मुक्काम आला. मुक्काम म्हणजे जेवण आलं. म्हणून जाणंच नाही. बरं, लेकीनं यावं, तर गेनूभाऊंची बायको हौसाच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारली. ज्या घरात बाईमाणूस नाही त्या घरी सासरचे सून कशी धाडणार? चार वर्षांत बापलेकींची भेट म्हणजे खेडच्या बाजारात दोनदा, उभ्याउभ्या.

"आता माजं घरच घिऊन जातो," पाय म्हणाले. "तिच्या दारात हुभं करतो. माजी चूल, माजं पाणी. चार दिस ऱ्हातो. रीतबी मोडत न्हाई."

रीतच सोडून द्या, असं सांगणं सोपं होतं. पण त्या माणसानं रीत न मोडता डोंगर चढायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, "मीही येतो."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. चिंचवडच्या विहिरीचं पाणी भरलेले दोन हंडे, तोंडाला फडकं बांधून, आत ठेवले होते. चाकणपर्यंत लोक रस्त्याच्या कडेला थांबून बघत होते. खेड सोडलं आणि रस्त्यानं आमची साथ सोडली. पुढं नुसते धोंडे. गेनूभाऊंनी खाली उतरून पुढची चाकंही इंजिनाला जोडली, ट्रकच्या नाकावर थाप मारली आणि आम्ही ओढे, बांध, उतार असं सगळं पार करत चाललो. माझं एकेक हाड त्या परीक्षेला बसलं होतं. मांडणीतली एकही ताटली हलली नाही.

शेवटच्या चढावर इंजिन तापलं. वाफेचा फवारा उडाला. गेनूभाऊ पुढचं चाक बघायला खाली घुसले आणि बराच वेळ तिथंच राहिले. मग पाय म्हणाले, "निवलं आसंल. पाणी घाला, मास्तर."

मी धावत आत गेलो आणि दोन्ही हंडे आणून ओतले. सांडत, लवंडत, अगदी मन लावून. गेनूभाऊ बाहेर आले, रिकामे हंडे पाहिले, आणि ट्रकच्या मागच्या बाजूला बोट केलं. तिथं इंजिनाच्या पाण्याचा डबा टांगलेला होता. काठोकाठ भरलेला, गंजानं तांबडा झालेला.

"ते प्यायचं पाणी हुतं," एवढंच ते म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

करंजवाडीला पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. अख्खी वाडी जमली. व्याही पुढं आले, रामराम झाला. हौसा गूळपाणी घेऊन आली. तिनं तांब्या माझ्यापुढं केला, बापापुढं नाही. ती काही विसरली नव्हती. मी प्यायलो. आयुष्यात इतकं लाजिरवाणं पाणी मी प्यायलो नाही. गेनूभाऊंच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. स्वतः उठून गावच्या विहिरीवर जावं, तर व्याह्याचं नाक कापल्यासारखं. ते पायरीवर बसून चाकाकडे बघत राहिले.

हौसानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा ट्रकमध्ये डोकावून. मग आतला रिकामा हंडा उचलला आणि भर उन्हात विहिरीकडे चालू लागली. परत आली ती सासरच्या उंबऱ्याकडे न वळता सरळ ट्रकची पायरी चढली.

"आबा, हंडा तुमचा. हीर गावाची. आमच्या घराला शिवलेलंबी न्हाई. आता प्या."

गेनूभाऊ प्यायले. दोन तांबे प्यायले. हौसानं पडदा सारला, मांडणीवरून हात फिरवला, देवांना हात जोडले. मग फळीवर जरा टेकली, आणि बोलता बोलता आडवी झाली. दोन मिनिटांत गाढ झोपली. सहा वर्षांत भर दुपारी तिनं पाठ टेकली नसावी.

घरातून सासूची हाक आली. दुसरी हाक आली. मग सासूबाई स्वतःच आल्या. गेनूभाऊ पायरीवरून उठले आणि दोन्ही हात जोडून दारात उभे राहिले.

"इहीणबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "पोर माहेराला आलीया. चार दिस ऱ्हाईल. मंग धाडून देतो."

ट्रकपासून त्यांचा उंबरा दहा पावलांवर होता. सासूबाईंनी ट्रक पाहिला, पडद्याआडची झोपलेली सून पाहिली. आणि वळून आत गेल्या.

थोड्या वेळानं त्या परत आल्या. हातात हौसाची दोन लुगडी होती, नीट बोचक्यात बांधलेली.

"माहेराला अशी मोकळ्या हातानं धाडत्यात व्हय?" त्या म्हणाल्या, आणि बोचकं गेनूभाऊंच्या हातात देऊन निघून गेल्या.

गेनूभाऊ ते बोचकं मांडीवर घेऊन पायरीवर बसले. रडत होते, पण आवाज होऊ देत नव्हते. पोर उठेल म्हणून.