लांजेवार काकाजी आणि गॅसची फाईल

लांजेवार काकाजी कोणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे बघत नाहीत, फाटकाकडे बघतात. हुडकेश्वरला आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तूला आलेली सगळी मंडळी आत टाइल्सचं कौतुक करत होती. काकाजी फाटकापाशीच थांबले. चष्मा कपाळावर चढवला, लोखंडाच्या जोडावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हे वेल्डिंग नाही गा मास्तर, हे चिपकवणं आहे." मग आत येऊन तीन वाट्या बासुंदी प्यायले. तिसऱ्या महिन्यात फाटकाची दांडी निखळून माझ्या हातात आली. काकाजी मशीन घेऊन आले, जोड दिला आणि एक अक्षर न बोलता गेले. ते बोलले असते तर परवडलं असतं.

काकाजी आमचे लागून शेजारी. उभी नोकरी सरकारी कचेरीत कागदाला कागद टाचण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, देवदर्शनाला जातात. काकाजींनी छोटं घरगुती वेल्डिंग मशीन आणलं. आता आमच्या गल्लीतल्या निम्म्या कूलरांचे स्टँड त्यांच्या हातचे आहेत. मोबदला घेत नाहीत, फक्त उपदेश करतात. तो ऐकण्यापेक्षा बाजारातून स्टँड आणलेला बरा, असं माझी बायको म्हणते. पण आमचाही स्टँड त्यांचाच आहे.

दुपारी चारला पोर्चमध्ये त्यांचं काम सुरू झालं, की त्यांच्या पत्नी सुमनकाकू खुर्ची टाकून त्यांच्याकडे पाठ करून बसायच्या. पाठ अशासाठी, की वेल्डिंगच्या उजेडाकडे बघितलं तर डोळ्यांची वाट लागते. मांडीवर सूप, सुपात निवडायला गवार नाही तर डाळ. बोलणं फारसं नाही. मध्येच काकाजी "काय वं?" म्हणायचे, काकू "काही नाही" म्हणायच्या, आणि तासभर एवढंच चालायचं.

मागच्या पावसाळ्यात काकूंची छाती धरली. महिनाभर खोकल्या. डॉक्टरांनी सांगितलं, धुराच्या जवळपाससुद्धा जायचं नाही. काकाजींच्या मशीनला लागते ती तार पोटात भुकटी भरलेली. भुकटी जळते, जोड सांभाळते आणि वर धुराचा लोट सोडते. काकू दार लावून आत बसू लागल्या. आता एक तर वेल्डिंग सोडायचं, नाही तर मशीन गॅसवर न्यायचं. गॅसवर साधी भरीव तार चालते, सिलिंडरमधला गॅस जोडावर पांघरूण घालतो आणि धूर अगदी थोडा होतो.

दुसरा कोणी असता तर दुकानात जाऊन सिलिंडर घेऊन आला असता. काकाजींनी फाईल उघडली. खरोखरची, दोरीवाली. विषय : वेल्डिंग मशीन गॅसवर नेणेबाबत. आज स्वतः टिपण लिहायचं, उद्या स्वतःच त्याच्याखाली हरकत घ्यायची आणि परवा 'फेरसादर करावे' असा शेरा मारून स्वतःकडेच पाठवायचं, असा कारभार. सावनेरच्या एका फॅब्रिकेटरचं मत, उमरेड रोडवरच्या दुसऱ्याचं नेमकं उलटं मत, मोबाईलवर पाहिलेल्या हिंदी व्हिडिओंचा गोषवारा, सगळं त्यात होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून फाईल माझ्याकडे अभिप्रायासाठी आली. मी 'घ्या' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, 'कारणे नमूद नाहीत' या शेऱ्यासह. मी चिडून दीड पान कारणं लिहिली.

सगळ्यात मोठी हरकत वाऱ्याची होती. वारा लागला की गॅस उडून जातो आणि जोडात भोकं पडतात. आणि पोर्च तर दोन्ही बाजूंनी उघडा. त्यावर काकाजींनीच उपाय सुचवला, ताडपत्री बांधावी. त्यावर पुन्हा त्यांचीच हरकत, उकाडा होईल. अशी फाईल अख्खा हिवाळा फिरली. शेवटी काकूंनी एक दिवस ती स्वयंपाकघरात नेली आणि शेवटच्या पानावर लिहून टाकलं : 'मंजूर. सुमन लांजेवार.' काकाजींनी शेरा वाचला आणि मान डोलावली. सक्षम अधिकाऱ्याची सही झाल्यावर कारकून प्रश्न विचारत नाही. दुसऱ्याच दिवशी ते सिलिंडर घेऊन आले.

एप्रिल लागला होता. काकाजींनी ताडपत्री बांधली, साधी तार चढवली, तिच्यासाठी मशीनच्या आतल्या दोन वायरींची अदलाबदल केली, नळी जोडली आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं. पहिला जोड असा आला, की सोनारानं बघत राहावं. धूर म्हणाल तर उदबत्तीएवढा. काकाजींनी दारावर टकटक केलं आणि म्हणाले, "बाहेर ये वं. धूर गेला."

आठ महिन्यांनी काकू खुर्ची घेऊन बाहेर आल्या आणि फाटकाकडे तोंड करून बसल्या. पण ताडपत्रीनं पोर्चची नुसती भट्टी झाली होती. पाच मिनिटांत त्या घामाघूम झाल्या. उठल्या, आतून चाकांचा कूलर ओढत आणला, त्याचं तोंड पोर्चकडे केलं आणि फुल स्पीडवर सोडला. तुम्हालाही हवा लागेल म्हणाल्या आणि परत पाठ करून गवार मोडायला लागल्या.

काकाजींचा पुढचा जोड अनारशासारखा निघाला. नुसती भोकं. त्याच्या पुढचाही तसाच. काकूंनी मागे न वळता विचारलं, कसं जमतंय. काकाजी म्हणाले, "एकदम पक्कं." मी विज्ञानाचा माणूस, मला राहवेना. मी कूलरकडे बोट करून तोंड उघडणार, तेवढ्यात काकाजींनी तोंडावरचा मुखवटा वर केला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी बोट खाली घेतलं.

तासभर ते तसलेच जोड देत राहिले. काकू चहा ठेवायला आत गेल्या, तसा काकाजींनी कूलर बंद केला, ग्राइंडर काढला, सगळे जोड घासून साफ केले आणि पुन्हा पहिल्यापासून दिले. घाम नाकावरून लोखंडावर टपकत होता. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी हेच. मे महिना अर्धा सरला तरी हेच.

एका संध्याकाळी काकू आत गेल्यावर मी विचारलंच, की हा काय प्रकार आहे. एकदा सांगून टाका त्यांना, त्या बंद करतील कूलर.

"करन ना तुमची काकू," काकाजी म्हणाले. "लगेच बंद करन. मंग गरमीत दहा मिनिटं बसन अन् उठून आत जाईन." त्यांनी ग्राइंडरची वायर सोडवली. "आठ महिने त्या बंद दाराकडे पाहून काम केलं मी, गा मास्तर. त्याच्यापेक्षा हे बरं. एक काम दोनदा करा लागते, एवढंच."

मला त्यांचा हेवा वाटला आणि थोडी स्वतःची लाजही. आत कपबशांचा आवाज होत होता. मी कूलर बंद केला, स्वतःचं तोंड उजेडापासून फिरवून जोडायच्या स्टँडचा पाय घट्ट धरला, आणि काकाजी पुन्हा पहिल्या जोडापासून कामाला लागले.