बाबांच्या काठीचा टेकू

थर पहिला

चष्मेवाल्याला सरळ रेघ खपत नसे. दुकानात भिंगं घासून घासून त्याची अशी श्रद्धाच झाली होती, की जगातल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीला पोट असतं. म्हणून घरी स्पीकरची खोकी करायला घेतली, तीही पोटाची. पातळ प्लायचे पाच थर, मध्ये सरस, आणि सगळं साच्यावर वाकवून शिकंज्यांत आवळायचं. दोन महिने दिवाणखान्यात जेवणाचं टेबल नव्हतं. साचा होता.

"वाकवलेलं लाकूड काही विसरत नाही," तो बायकोला सांगे. "सारखं सरळ व्हायला बघतं. म्हणून आतून टेकू द्यावा लागतो."

"माझंही तसंच आहे," बायको म्हणे. "मला कधी देताय?"

थर दुसरा

पहिल्या खोक्याला आडवे सात टेकू हवे होते. सहा बसले आणि लाकूड संपलं. सरस मात्र लावून झाला होता, वीस मिनिटांत धरणार होता.

दाराआड बाबांची काठी उभी होती. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी आई ती रोज पुसून ठेवी. चष्मेवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, करवत उचलली. तुकडा असा चपखल बसला, की जणू बाबा आयुष्यभर त्याच मापाची काठी वापरत होते. त्याने झाकण चिकटवलं. मुठीकडचा तुकडा माळ्यावर गेला.

थर तिसरा

"अरे, ह्यांची काठी कुठाय?"

"असेल की इथेच, आई."

म्हटलं तर हे खोटं नव्हतं.

थर चौथा

तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता, तिघं चहा पीत असताना खोकं वाजलं. ना वायर जोडलेली, ना आत स्पीकर बसवलेला.

टक्.

मग एक विराम. दुखरा पाय ओढायला लागेल तेवढाच.

टक्.

आईचा कप हवेत थांबला. "आले," ती म्हणाली.

"लाकूड वाळतंय गं."

"उजवा पाय ओढत आले. चाळीस वर्षं ऐकलंय मी."

चष्मेवाल्याला खरं कारण कळलं. काठी गुळगुळीत, तिला सरस नीट धरलाच नव्हता. टेकू सुटत होता. उघडून बसवला नाही, तर दोन दिवसांत खोक्याचं पोट फुटणार. उघडलं, तर काठी आईसमोर. तरी त्याने करवत घेतली. आई खोक्यापुढे हात पसरून उभी राहिली.

"बापावर करवत चालवतोस?"

थर पाचवा

दुसऱ्या दिवसापासून आईने नियमच घालून दिला. एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"अहो, मी आठ दिवस बहिणीकडे जाऊन येऊ?"

टक्.

"टीव्ही माझ्या खोलीत घेऊ?"

टक्.

बायको आधी लांबूनच हसत होती. मग खुर्ची ओढून बसली. "बाबा, जेवणाचं टेबल परत आणू ना?"

बराच वेळ काही नाही. खिडकी बंद होती, तरी जमिनीवरचा भुसा किंचित सरकला.

टक्.

बायकोच्या अंगावर काटा आला. पण तिने उठून टेबलाची जागा मापून घेतली.

खोक्याच्या पोटावर केसाएवढी भेग उमटली तेव्हा चष्मेवाल्याचा धीर सुटला. "आई, आत बाबा नाहीत, काठी आहे! मी कापली."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "तिच्या टोकाची पितळी टोपी भुशात सापडली मला. पहिल्याच दिवशी."

"मग हे काय चाललंय?"

"अरे, जन्मभर मला 'नाही' म्हणाले ते. आत्ता कुठे 'हो' म्हणायला लागलेत. खोक्याला हात लावलास तर याद राख."

"फुटेल गं ते! टेकू बसवतो, लगेच बंद करतो. उघडू?"

टक्. टक्.

तिघांनी खोक्याकडे पाहिलं. खोकं गप्प होतं. आवाज मागून आला होता. तिथे भिंतीला दुसऱ्या खोक्याचं प्लाय टेकवून ठेवलेलं होतं. अजून न वाकवलेलं, सरस न लावलेलं, सरळसोट.

थर सहावा

बायकोने आपली खुर्ची आवाज न करता मागे घेतली.

"बघ," चष्मेवाला म्हणाला, "नाही म्हणाले."

आई चष्मा काढून त्या फळ्यांकडे पाहत होती.

"हे ते नव्हेत," ती हळूच म्हणाली. "ते एवढ्या लवकर उत्तर देत नसत."

मग ती मुलाकडे वळली.

"अरे, बघतोस काय? उघड ते खोकं. काठी दे माझ्या हातात. अर्धी असली तरी चालेल."