चालकाच्या पायाखालची पाणथळ

शहर बससेवेच्या एका बसच्या केबिनमध्ये पाणी शिरत असल्याची तक्रार खुद्द चालकाने केली, तेव्हा ते त्याच्या घोट्यापर्यंत आले होते. ब्रेक दाबला की पाणी पुढे जाई, वेग घेतला की मागे येई, आणि वळणावर पहिल्या बाकावरच्या प्रवाशांच्या चपला त्यांच्याआधीच दाराकडे निघत.

"बस चालवता की होडी?" घरी बायको म्हणाली. "बोटं बघा, भिजवलेल्या मनुकांसारखी झालीत. सांगा की कोणाला तरी!"

त्याने वर्कशॉपच्या फोरमनला सांगितले. फोरमनने शास्त्रोक्त निदान आरंभले. दारांच्या रबरांना खडूची पूड फासली, चालकाला आत कोंडले आणि बाहेरून नळीने पाण्याचा मारा सुरू केला.

"कुठून येतंय?"

"सगळीकडून!" चालक आतून ओरडला.

"असं मोघम नको. नीट बघून सांगा!"

रबरांवरचा खडू कोरडाच राहिला. शेवटी समोरच्या काचेखालची जाळी उचलली, तर पाणी वाहून जायचे भोक कुजलेल्या पाल्याने गच्च बुजलेले. तुंबलेले पावसाचे पाणी उलटे एका फटीतून केबिनमध्ये उतरत होते. चालकाने पाला उपसायला हात घातला. फोरमनने तो वरच्या वर धरला.

"हे काय आहे?"

"पाला, साहेब."

"म्हणजे वनस्पती. आपलं खातं यांत्रिक. वनस्पतीला हात लावायचा तर उद्यान खात्याचा माणूस पाहिजे. तोवर चालवा."

तोवर चालकाने गमबूट घालून बस चालवली. उद्यान अधीक्षक बाईंना सवड झाली तेव्हा त्या पाहणीसाठी थेट भर बाजारातल्या थांब्यावरच आल्या. त्यांनी जाळी उचलली आणि हळहळल्या.

"आधी बोलवायचं ना! पाला आम्ही हसत काढला असता. आता त्यात रोप उगवलंय. रोप उपटणं म्हणजे वृक्षतोड."

"मग जपून काढा आणि दुसरीकडे लावा की, बाई," चालक काकुळतीने म्हणाला.

"मुळं स्टिअरिंगला गुंडाळलीत. तुम्ही वळण घ्याल आणि ती तुटतील. बस हलवू नका."

बस थांब्यावरच थांबली. केबिनमध्ये पाणी साचत गेले, शेवाळ आले, पाठोपाठ बेडूक आले. बेडूक बिचकतात म्हणून हॉर्न वाजवण्यास मनाई झाली. महापौरांनी फीत कापली आणि 'शहरातील पहिली चारचाकी पाणथळ' असा फलक लागला. वाहक तिकिटे फाडतच राहिला; लोक बसत होते आणि उतरत होते, एवढे त्याच्या नियमात बसत होते. चालकालाही सीट सोडण्याची परवानगी नव्हती. चालकाविना बस उभी ठेवणे हा गुन्हा होता.

पुढे मुळे इतकी जोमाने वाढली की पाणी ज्या फटीतून आत येत होते ती फटच त्यांनी बुजवून टाकली. गळती थांबली. केबिन कोरडी पडली, पाने पिवळी झाली, बेडूक निघून गेले. लगोलग चौकशी बसली.

"गळती कोणी दुरुस्त केली?" फोरमनने दरडावले.

"मी नाही, साहेब. आपोआप थांबली."

"आपल्या खात्यात आजवर काही आपोआप दुरुस्त झालंय?"

 चालकाला निलंबित करण्यात आले.

तो घरी आला. बूट काढताच बायको हरखली. "अगं बाई, कोरडे पाय!" म्हणाली आणि खाली वाकून तिने त्याची बोटे चाचपून पाहिली. मग त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

इकडे बाजारात संतापाची लाट उसळली. बस का चालत नाही, याबद्दल नव्हे; हिरवळ का वाळली, याबद्दल. गळती तातडीने पूर्ववत करावी आणि चालकाला कठोर शासन व्हावे, या मागणीसाठी थांब्यावर सह्यांची मोहीम निघाली. हजारो सुजाण नागरिकांनी सह्या केल्या.

त्यांत तुमचीही आहे. सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचायला तुम्हाला सवड नव्हती; बस चुकेल म्हणून तुम्ही घाईत होता.